आजीचा फोटो आणि प्रकाशाचे नियम

तुमच्या घरी आजीचा चांगला फोटो आहे का? जरा आठवून पाहा. लग्नसमारंभातल्या गर्दीत कोपऱ्यात उभी असलेली आजी असेल. आधार कार्डावरची, डोळे वटारून पाहणारी आजी असेल. पण केवळ तिचा, तिच्यासारखा दिसणारा फोटो? पुष्कळ घरांत तो नसतो. मग एक दिवस तिचा फोटो भिंतीवर लावण्याची वेळ येते आणि घरची माणसे ओळखपत्रावरचा तो टिचभर फोटो मोठा करून आणतात. तो पाहून प्रत्येक जण म्हणतो, "आजी अशी दिसत नव्हती."

ही वेळ येण्यापूर्वीच आपण आजीचा फोटो काढू या. स्टुडिओ नको, महागडे दिवे नकोत. घरातला साधा मोबाइल पुरे. मात्र प्रकाशाच्या धड्यात तुम्ही जे शिकला आहात, त्यातले बरेच काही कामी आणावे लागेल.

दुपारचे ऊन कामाचे नाही

आपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडला आहोत असे समजू. धान निघून गेले आहे, अंगणात लख्ख ऊन पडले आहे. तुम्ही आजीला बाहेर बोलावता. ती म्हणते, "माहा फोटू कायले पाह्यजे, बाबू?" तरी डोक्यावरचा पदर सारखा करून बसते. तुम्ही फोटो काढता आणि निराश होता. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, कपाळ आणि नाक पांढरेफटक, आणि चेहऱ्यावर त्रासिक आठ्या! असे का झाले?

डोक्यावरून येणारा प्रकाश कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पडतो, पण भुवयांखालच्या खोबणीत पोचत नाही. शिवाय उन्हातल्या सावलीची कड धारदार असते. सूर्य प्रचंड मोठा असला तरी तो इतका दूर आहे, की आपल्या डोळ्याशी त्याचा कोन जेमतेम अर्धा अंश होतो. म्हणजे आपल्या दृष्टीने तो लहान प्रकाशस्रोतच झाला. लहान स्रोतामुळे प्रच्छाया ठळक आणि उपच्छाया अगदी अरुंद पडते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता आजीला सपरीत, दाराजवळ सावलीत बसवा. दारातून उघडे आकाश दिसते, अंगणातला उजेड आत येतो. एक मीटर रुंदीचे दार एक मीटर अंतरावर असेल, तर त्याचा कोन सुमारे ५३ अंश होतो. सूर्याचा अर्धा अंश कुठे आणि हे ५३ अंश कुठे! साधा सहा सेंटीमीटरचा बल्बसुद्धा तेवढ्याच अंतरावरून फक्त साडेतीन अंशांचा असतो. मोठ्या स्रोताचा प्रकाश अनेक दिशांनी येतो, उपच्छाया रुंद होते आणि चेहऱ्यावरची सावली उजेडात हळूहळू विरघळते. आजीचे डोळे दिपत नाहीत, आठ्या आपोआप जातात.

विजेचे दिवे येण्यापूर्वी फोटोचे स्टुडिओ याच तत्त्वावर बांधत. उत्तर गोलार्धात सूर्य बहुधा दक्षिणेकडे असतो, म्हणून युरोपातले छायाचित्रकार उत्तरेकडे मोठ्या काचा बसवत. तिकडून थेट ऊन येत नाही, केवळ आकाशाचा उजेड येतो. पण हा नियम नागभीडला जसाच्या तसा लागू पडेल का? नागभीड सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उन्हाळ्यात तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. तेव्हा उत्तरेची खिडकी आपल्याला हिवाळ्यात भरवशाची, पण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी फसवी!

प्रकाश कोठून यावा?

रात्रीच्या वेळी हनुवटीखाली टॉर्च धरून तुम्ही धाकट्या भावंडांना भुताची भीती घातली असेलच. उजेड वरून येणे ही आपल्या नजरेची सवय आहे. तो खालून आला, की सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचा चेहराही अनोळखी वाटतो. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरी-नागभीडच्या गावागावांत झाडीपट्टीची नाटके रंगतात. पुढच्या खेपेला नाटकाला जाल तेव्हा दिवे कोठे बसवले आहेत आणि दिव्याची बाजू बदलली की नटाचा चेहरा कसा बदलतो, हे मुद्दाम पाहा.

फोटोसाठी प्रकाश समोरून आला तर चेहरा सपाट, थाळीसारखा दिसतो. तो एका बाजूने, सुमारे ४५ अंशांवरून आणि थोडा वरून आला, तर नाक, गाल, हनुवटी यांना उठाव येतो. पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या चित्रांत असा प्रकाश दिसतो, म्हणून छायाचित्रकार या रचनेला त्याचेच नाव देतात.

पलीकडचा गाल फारच काळोखात गेला तर? त्या बाजूला पांढरे धोतर किंवा कार्डशीटचा पांढरा कागद धरा. पांढऱ्या खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते आणि अंधाऱ्या बाजूला सौम्य उजेड मिळतो. कागद जवळ आणला की सावली फिकी होते, दूर नेला की गडद होते.

दिवा वापरणार असाल, तर व्यस्त वर्गाचा नियम विसरू नका. बल्ब जवळच्या गालापासून ५० सेंटीमीटरवर आहे आणि पलीकडचा गाल त्याहून १५ सेंटीमीटर लांब आहे असे समजा. ५० भागिले ६५, याचा वर्ग ०.५९. म्हणजे केवळ अंतरामुळेच पलीकडच्या गालाला ५९ टक्के प्रकाश मिळतो. हाच बल्ब दोन मीटरवर नेला, तर २०० भागिले २१५, याचा वर्ग ०.८७. आता दोन्ही गालांतला फरक कमी झाला. पण एकंदर उजेड सोळाव्या हिश्शावर आला! आणखी एक गोष्ट. दाराचा उजेड आणि पिवळा बल्ब एकदम वापरू नका. दोन्हींचे रंग वेगळे असतात. एक गाल निळसर, दुसरा पिवळा दिसू लागतो.

"फोटो काळा आला"

आता एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या भागात सावळी, काळी माणसे पुष्कळ. फोटो अंधारा आला, की काढणारा म्हणतो, "रंगच तसा आहे." आजीही हसून तेच म्हणते. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे.

कॅमेऱ्याला समोर काय आहे हे मुळात कळत नाही. दृश्यातला सरासरी उजेड मध्यम करड्या रंगाइतका यावा, अशा बेताने तो प्रकाश घेतो. आजीने पांढरे लुगडे नेसले असेल आणि मागे चुन्याची भिंत असेल, तर कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो. तो सारेच चित्र गडद करतो आणि त्यात चेहरा बुडतो. दोष चेहऱ्याचा नाही, सरासरीचा आहे! आजीला मातीने सारवलेल्या भिंतीपुढे बसवा. मोबाइलच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा. अलीकडचे काही मोबाइल चेहरा ओळखून ही दुरुस्ती स्वतः करू पाहतात, पण ती दर वेळी बरोबर असतेच असे नाही.

गेल्या शतकात तर ही अडचण रंगीत फिल्मपर्यंत पोचली होती. रंग बरोबर छापले जात आहेत की नाहीत हे ताडण्यासाठी कोडॅक कंपनी जी नमुना-कार्डे पाठवी, त्यांवर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रियांचेच फोटो असत. साहजिकच काळ्या त्वचेच्या छटा नीट उमटत नसत. यंत्र बनवणाऱ्याने कोणता चेहरा समोर ठेवला, याचा परिणाम यंत्रावर होतो.

काळ्या त्वचेवर मोठ्या स्रोताचे प्रतिबिंब फार सुरेख दिसते. गालाच्या हाडावर, कपाळावर जी तुकतुकी दिसते ती नियमित परावर्तनाची. लहान बल्बने तिचा पांढरा ठिपका होतो. दाराच्या उजेडाने तीच लांबवर पसरते आणि चेहऱ्याचा घाट दाखवते. म्हणून गोरे करणारी सोंगे मोबाइलमध्ये असली तरी वापरू नका. आपल्याला आजीचाच फोटो हवा आहे.

सवय नसलेले माणूस

१८३९ साली डागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटे लागत. माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. आता सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. तरी कॅमेरा दिसला की आजी पुतळ्यासारखी ताठ होतेच.

दादासाहेब फाळके यांच्यापुढेही नवखी माणसेच होती. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तो सूर्यप्रकाशाच्या जोरावर. तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या साळुंके यांना त्यांनी तयार केले. पुढे 'लंकादहन' (१९१७) मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' (१९२३) साठी कृत्रिम दिवे वापरले. नवख्या माणसाला सराव लागतो, तसा दिव्यालाही लागतो.

म्हणून सराव आजीवर करू नका. पुढील क्रमाने जा:

१. आधी स्टुलावर मडके किंवा नारळ ठेवा. दार, कागद, दिवा यांच्या जागा बदलून दहा-बारा फोटो काढा. प्रत्येकाची जागा आणि अंतर वहीत लिहा.

२. सारे जमल्यावरच आजीला बोलवा. फोटो कशासाठी ते सांगा आणि तिची परवानगी घ्या.

३. मोबाइल दीड मीटर दूर ठेवा. नाकाच्या शेंड्यापासून कान सुमारे १२ सेंटीमीटर मागे असतो. ३० सेंटीमीटरवरून फोटो काढला, तर नाक कानाच्या तुलनेत १.४ पट मोठे दिसते. दीड मीटरवरून केवळ १.०८ पट.

४. तिच्या हातात सूप आणि तांदूळ द्या. निवडता निवडता बोलू द्या. नागपूरच्या छोट्या रेल्वेगाडीची आठवण विचारा. ती अरुंद लोहमार्गावरची गाडी २०१९ साली बंद झाली. बोलताना ती मान वर करील. तोच क्षण!

५. काढलेले फोटो तिला दाखवा. नको म्हणेल तो पुसून टाका.

डोळ्यातले दार

आता सर्वांत चांगला फोटो मोठा करून डोळ्यांकडे पाहा. बुबुळावर एक पांढरा ठिपका दिसेल. नीट निरखा. तो ठिपका म्हणजे तुमचे दार आहे! डोळ्याचे पारपटल बहिर्वक्र आरशाचे काम करते. त्याची वक्रता त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर, म्हणून नाभीय अंतर ३.९ मिलिमीटर. एक मीटर अंतरावरच्या, एक मीटर रुंद दाराची प्रतिमा जवळजवळ चार मिलिमीटर रुंद, सुलटी आणि आभासी मिळते. दुपारच्या उन्हात काढलेल्या पहिल्या फोटोत हा ठिपका नव्हता, म्हणून ते डोळे निर्जीव वाटत होते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. दहावीच्या अर्जासाठी लागणारे फोटो मुलांनी एकमेकांचे काढले, तर प्रच्छाया, परावर्तन, व्यस्त वर्ग आणि बहिर्वक्र आरसा हे सारे एका दुपारीत होते.

आणि आजीचा फोटो केवळ मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, विकला जातो. गावातल्या दुकानातून त्याची कागदावर एक प्रत काढून आणा, मागे तारीख आणि तिचे नाव लिहा आणि आधी आजीच्याच हातात द्या. "मी अशी दिसते होय?" असे ती म्हणाली, तर तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे समजा.