कृषिसंधारण अनुदान (पालघर जिल्हा)

शेतजमिनीतील माती, ओल व सुपीकता टिकविणाऱ्या कामांसाठी शेतकऱ्यांस शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य. बांधबंदिस्ती, मजगी (उतारावर पायऱ्यांची भातखाचरे पाडणे), समतल चर, शेततळी, खारबांध व उतारावरील फळबागा ही अशा कामांची प्रमुख उदाहरणे होत. या कामांचा लाभ उशिरा मिळतो आणि तो एका शेतापुरता मर्यादित राहत नाही; वरच्या शेतात माती अडली, तर खालचा ओहोळ गाळाने भरत नाही. खर्च मात्र एकाच कुटुंबास व तोही आरंभी करावा लागतो. सार्वजनिक साहाय्याची आवश्यकता या विषमतेतून निर्माण होते.

पूर्वी हे साहाय्य मुख्यत्वे कर्जाच्या स्वरूपाचे होते. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज अधिनियमाखाली विहिरी, बांध इत्यादींसाठी तगाई मिळत असे. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने (१९४२) एकेका शेताऐवजी सलग क्षेत्राच्या सुधारणेची कल्पना पुढे आणली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम (१९७७) २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला व मृद् आणि जलसंधारणाची कामे मजुरीशी जोडली गेली.

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात या साहाय्याची दोन भिन्न रूपे आढळतात : किनाऱ्यावर खारबांध व पूर्वेकडील डोंगराळ भागात फळबागा.

खारबांध : भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्याच्या समुद्राकडील अंगास बहुधा दगडी अस्तर असते. बांधात उघाडी ठेवतात. तिची झडप ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी बाहेर जाऊ देते व भरतीच्या दाबाने मिटते. पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन गेल्यावर तेथे भात घेता येतो. अशा जमिनींसाठी पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती निर्माण केल्या आहेत. बांधास खांड (भगदाड) पडल्यास मात्र एका भरतीत शेत खारावते आणि ते पूर्ववत होण्यास काही पावसाळे जावे लागतात. एका शेतकऱ्याने आपल्यापुरता बांध राखून उपयोग नसल्याने ही कामे सामुदायिक ठरतात. त्यांसाठी मुंबई खारजमीन अधिनियम (१९४८) व पुढे महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम (१९७९) करण्यात आले.

फळबागा : जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत पाऊस विपुल असला, तरी तीव्र उतारांमुळे पाणी व माती वाहून जाते. नागली व वरई यांखालील वरकस जमिनीची धूप त्यामुळे मोठी असते. अशा जमिनीत आंबा, काजू यांची लागवड, कुंपणाशी वनवृक्ष, झाडांच्या ओळींमध्ये आंतरपीक व उतारास आडवे चर अशी ‘वाडी’ची पद्धत आहे. मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने ती १९८२ पासून दक्षिण गुजरातमधील वांसदा येथे विकसित केली व पुढे जव्हार परिसरातही राबविली. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) २००३-०४ मध्ये उभारलेल्या आदिवासी विकास निधीतून या पद्धतीस साहाय्य मिळू लागले. महाराष्ट्र शासनाने १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली होती. २०१८-१९ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत अनुक्रमे ५०, ३० व २० टक्के असे देण्याची तरतूद करण्यात आली. दुसऱ्या वर्षी किमान ८० व तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असणे ही तिची अट होय.

ही अट दुर्गम पाड्यांत विशेष कसोटीची ठरते. कलम पावसाळ्यात जगते. त्याची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत होते. नेमक्या याच काळात अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर स्थलांतर करतात. त्यामुळे पाणी घालण्याची व राखणीची मजुरी अनुदानात धरलेली असल्यास झाडाबरोबर कुटुंबही गावात टिकू शकते. रोप व खड्डा एवढ्यापुरतेच साहाय्य दिल्यास दोन्ही साधत नाहीत.

मर्यादा : ज्याच्या नावे सातबारा नाही, त्यास बहुतेक अनुदाने दुरापास्त असतात. वनजमीन कसणाऱ्यांची ही अडचण वनहक्क अधिनियमाने (२००६) हक्क मान्य झालेल्यांपुरती कमी केली. खर्च आधी व अनुदान नंतर या पद्धतीत गरीब शेतकरी मागे पडतो. दुसरी मर्यादा किनाऱ्यावर दिसते. अणुविद्युत् केंद्र (१९६९) व औद्योगिक वसाहत असलेल्या बोईसर-तारापूर परिसरात कारखान्यांतील सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे न्यावा लागला. अनुदानाने बांध राखता येतो. खाडीच्या पाण्याची प्रत राखणे शेतकऱ्याच्या हाती नसते.

खारबांध व वाडी यांचा अनुभव एकच आहे. बांधणी वा लागवड एका हंगामात उरकते. संधारण मात्र वर्षानुवर्षे चालते. म्हणून निगा व डागडुजी यांसाठी नियमित तरतूद असलेले साहाय्यच जमिनीच्या उपयोगी पडते.