चहाचे चार बहार

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा एकच अट घातली होती : "डॉक्टर, या वेळी मधुमेह नको." गेली अनेक वर्षे याच पानांतून रक्तशर्करेविषयी चार हिताच्या गोष्टी सांगून मी आपणां सर्वांचा फराळ कडू करीत आलो आहे, याची मला नम्र जाणीव आहे. तेव्हा यंदा विषय बदलतो, आणि ज्यात साखर घालावीच लागत नाही अशा एका पेयाविषयी लिहितो. ओघात एक कबुलीही द्यावयाची आहे, ती शेवटाकडे.

आपण इंदूरकर मंडळी चहाची भक्त आहोत. पोह्यांनंतर चहा, राउंडनंतर चहा, अवघड शस्त्रक्रियेनंतर चहा आणि सोप्या शस्त्रक्रियेच्या आधीही चहा. हा चहा म्हणजे आले, वेलदोडा, क्वचित गवती चहाची पात घालून दुधात खळखळून उकळलेला. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मात्र त्या कपात आल्याची, दुधाची आणि साखरेची चव इतकी ठासून भरलेली असते, की चहाच्या पानाला स्वतःचे असे काही म्हणावयाचे असते, हे वयाची पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ते आले 2011 च्या मार्चमध्ये. सिलिगुडीला एका वैद्यकीय परिषदेस गेलो होतो. परिषद आटोपल्यावर दोन दिवस मोकळे होते, म्हणून दार्जिलिंगच्या वाटेवर कर्सियांगच्या उतारावरील एका चहामळ्यात गेलो. मळ्याचे व्यवस्थापक सत्तरीकडे झुकलेले बंगाली गृहस्थ होते. मी त्यांना भाबडेपणाने विचारले, "आपला सर्वांत उत्तम चहा कोणता?" त्यांनी उत्तर दिले नाही. मला एका लांबट खोलीत नेले. उत्तरेकडील खिडकीखाली ओटा, ओट्यावर चिनी मातीच्या पाच पांढऱ्याशुभ्र वाट्या, प्रत्येकीमागे झाकणाचा मग आणि समोर कोरडी पाने. वाट्यांवर नाव नाही, किंमत नाही. "आपणच सांगा," ते म्हणाले.

मी पाचही वाट्या पाहिल्या. चार फिकट सोनेरी, जवळजवळ पाण्यासारख्या. पाचवी गडद तांबूस. मी तत्काळ पाचवीवर बोट ठेवले. म्हातारबुवा मंद हसले. "डॉक्टरसाहेब, आपण रुग्णाला हात न लावताच निदान केलंत. तो गेल्या पावसाळ्यातला नमुना आहे. तुलनेसाठी ठेवला होता." त्या एका वाक्याने मला पुन्हा विद्यार्थी करून टाकले.

परीक्षेची रीत

त्या दुपारी त्यांनी मला जे शिकविले, ते आपणां वैद्यकीय व्यावसायिकांना फार ओळखीचे वाटेल. चहाची परीक्षा ही नैदानिक तपासणीच आहे : आधी दर्शन, मग स्पर्श, मग गंध आणि सर्वांत शेवटी चव.

प्रथम कोरडे पान पाहावयाचे. ते सारखे वळलेले आहे काय, त्यात रुपेरी टोकाच्या कळ्या आहेत काय, देठ आणि चुरा किती. मग ते मुठीत घेऊन तोंडाच्या वाफेने किंचित उबवावयाचे आणि हुंगावयाचे. त्यानंतर मोजून पाणी. चहा तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पान आणि सहा मिनिटे असा दंडक आहे. एवढा कडक अर्क पिण्यासाठी नसतो. दोष लपू नयेत यासाठी असतो. अर्क वाटीत ओतला, की मगाच्या झाकणावर उरलेले ओले पान हुंगावयाचे. त्याचा रंग ताज्या तांब्याच्या नाण्यासारखा, हिरवट किंवा काळपट, यावरून कारखान्यात काय घडले ते कळते. अखेरीस चमचाभर अर्क मोठ्याने भुरका मारून ओढावयाचा, तोंडभर फिरवावयाचा आणि पिकदाणीत टाकावयाचा.

भुरका मारणे हा आपल्याकडे असभ्यपणा. तेथे ते शास्त्र आहे. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसरसासारखी उमामी, एवढ्या पाचच चवी कळतात. तुरटपणा ही तर चवही नव्हे, तो स्पर्श आहे. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो तो बहुतांशी घशामागून नाकात चढणारा गंध असतो. भुरक्याने अर्काचे तुषार होतात आणि तो गंध वर पोहोचतो. चहा पारखणारा माणूस, थोडक्यात, जिभेपेक्षा नाकाने अधिक पारखतो.

एका डॉक्टरची परसबाग

आपल्या व्यवसायाच्या अभिमानाची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या डोंगरावर चहा आणणारा माणूस डॉक्टर होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतील आर्चिबाल्ड कॅम्पबेल 1839 मध्ये काठमांडूहून दार्जिलिंगला अधीक्षक म्हणून आले आणि 1841 च्या सुमारास त्यांनी आपल्या बंगल्याच्या बागेत चहाचे बी पेरून पाहिले. चिनी जातीचे ते लहान पानांचे झुडूप तेथील थंडीत तगले. 1850 च्या दशकात व्यापारी मळे उभे राहू लागले. आज दार्जिलिंगच्या नावाने चहा विकण्याचा अधिकार ज्यांच्या क्षेत्राला आहे असे 87 मळे मानले जातात. 2004 मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळविणारे भारतातील पहिले उत्पादनही हाच चहा होय.

चार बहार

आपल्याकडे संत्र्या-डाळिंबाचे बागाईतदार आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे बहार धरतात. फळ तेच, झाड तेच. परंतु बहार बदलला की गोडी बदलते. दार्जिलिंगच्या चहाचेही तसेच आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी झुडूप थंडीत निजलेले असते. ते जागे झाल्यावर वर्षभरात चार बहार येतात.

पहिला बहार फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत. पान कोवळे, वाढ सावकाश. खुडलेले पान रात्रभर हवेच्या झोतावर असे खडखडीत सुकवितात, की पुढे त्याचे ऑक्सिडीकरण अर्धवटच होते. म्हणून पान हिरवट आणि अर्क फिकट सोनेरी. त्याला रानफुलांचा, कोवळ्या गवताचा गंध असतो आणि जिभेच्या कडांवर एक तरतरीत चुणचुण. मी ज्यांना 'पाणी' समजलो होतो त्या चार वाट्या याच बहाराच्या होत्या.

दुसरा बहार मे-जूनचा. याची कथा मोठी विलक्षण आहे. या दिवसांत हिरवे तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतील रस शोषतात. कापसावर तुडतुडे पडले की आपला माळव्यातला शेतकरी कपाळावर हात मारतो. येथे मात्र जखमी पान स्वसंरक्षणार्थ जी सुगंधी द्रव्ये निर्माण करते, त्यांतूनच पिकलेल्या मस्कत द्राक्षांची आठवण करून देणारा तो प्रसिद्ध 'मस्कटेल' गंध जन्मतो. अर्क गडद केशरी, अंगाने भरदार.

तिसरा पावसाळी, जुलै ते सप्टेंबर. पान भराभर वाढते, अर्क गडद उतरतो, सुगंध मात्र पातळ होतो. हा माल बहुधा मिश्रणांत आणि पुड्यांत जातो. चौथा शरदातला, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पाऊस सरलेला, हवा कोरडी, रात्री थंड. अर्क तांबूस, चव गोलाईची, शांत. पहिल्या बहाराची चपळाई त्यात नाही, दुसऱ्याचा थाट नाही. परंतु पिकल्या फळाचा एक समजूतदार गोडवा आहे.

एवढ्याने भागत नाही. एकाच मळ्यातील प्रत्येक दिवसाच्या मालाला वर्षारंभापासून 'डीजे-1', 'डीजे-2' असे क्रमांक पडतात. वरच्या थंड उतारावरचा माल वेगळा, खालच्या उबेतला वेगळा. पाऊस पडून गेल्यावरचा वेगळा. पुड्यावरची 'एसएफटीजीएफओपी' ही लांबलचक अक्षरे पानाचा आकार आणि रूप सांगतात, चवीची हमी देत नाहीत. आपल्या नावापुढील पदव्यांसारखेच ते आहे, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

या सुगंधाची किंमत कोण मोजते, तेही त्या उतारावर दिसते. एक किलो तयार चहासाठी 'दोन पाने आणि एक कळी' असे सुमारे वीस हजार कोंब हाताने खुडावे लागतात. डोक्याला पट्टा लावून पाठीवर डोको वाहणाऱ्या बहुतेक नेपाळीभाषक स्त्रिया हे काम करतात. पश्चिम बंगालमधील मळ्यांवरची रोजची मजुरी 2023 मध्ये वाढून अडीचशे रुपये झाली. तरुण मुले डोंगर सोडून जात आहेत, झुडपे जुनी झाली आहेत, पाऊस वेळ पाळीत नाही. 2017 मध्ये 104 दिवसांच्या बंदात दुसरा बहार बव्हंशी झाडावरच राहिला. 1990 मध्ये एक कोटी चाळीस लाख किलोंच्या घरात असलेले उत्पादन 2024 मध्ये साठ लाख किलोंच्याही खाली आले.

कबुली

2011 नंतर दरवर्षी मी चारही बहारांचे नमुने मागवू लागलो. रविवारी सकाळी वाट्या मांडून बसे. आमच्या सौ. दारातून पाहून म्हणत, "अहो, पूजा झाली असेल तर पोहे गार होताहेत." माझ्या नाकाचा मला गर्व झाला होता. तो केवळ चहापुरता नव्हता. कीटोअॅसिडोसिसच्या रुग्णाच्या श्वासातला फळासारखा वास मला खोलीच्या दारातच जाणवे. चिघळलेल्या मधुमेही पायाची जखम मी पट्टी सोडण्याआधीच ओळखी.

एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला. एके सकाळी मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचीत बसलो असता सौ. धावत आल्या. शेगडीवरचे दूध करपून भांडे काळे झाले होते, घरभर धूर होता आणि मी दोन हातांवर बसून होतो. त्या दिवशी चहा करून प्यालो. गरम, कडू, तुरट पाणी. बाकी काही नाही.

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या हुमेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये गंधप्रशिक्षणाची पद्धत प्रसिद्ध केली होती : गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी, चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. मी ती नेटाने केली. दिवाळीपर्यंत लवंग आणि लिंबू परतले. गुलाब मात्र दूर कुठेतरी, बंद दाराआड असल्यासारखा राहिला. पुढच्या मार्चमध्ये पहिल्या बहाराचा पुडा आला. फोडला, उबवला, हुंगला. काहीही नाही. नोव्हेंबरात शरदाचा चहा आला, तेव्हा मात्र त्या गोलाईतले थोडे काही मला सापडले, आणि या वयात लिहावयास संकोच वाटतो, पण डोळे भरून आले.

मार्च 2024 मध्ये आम्ही दोघे त्याच मळ्यात गेलो. जुने व्यवस्थापक निवृत्त झाले होते. नव्या तरुणाने पहिल्या बहाराच्या सात वाट्या मांडल्या. मी भुरके मारले. मला तीन वाट्या अगदी सारख्या वाटल्या. सौ. नी कधी चहा पारखला नव्हता. त्यांनी त्याच तीन वाट्या पुन्हा पुन्हा हुंगल्या आणि मधलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "अहो, हिला आंब्याच्या मोहोराचा वास आहे. तुम्हाला येत नाही?" तरुणाने वही उघडली. ती वाटी एव्ही-2 या फुलांच्या गंधासाठी नावाजलेल्या वाणाची होती, उरलेल्या दोन जुन्या चिनी झुडपांच्या. मी पुन्हा हुंगले. मला येत नव्हता.

त्या प्रवासाहून परतल्यावर मी एक गोष्ट केली, जी तीन वर्षांपूर्वीच करावयास हवी होती. मी माझ्या रुग्णालयातील सिस्टरना सांगितले की मला काही वास कळत नाहीत. जखमेची पट्टी सोडताना आपण हुंगा आणि मला सांगा. तोवर मी अंदाजाने आणि तपासण्यांच्या आधाराने निभावून नेत होतो आणि कुणाला कळू देत नव्हतो. आज प्रथमच ते लिहितो आहे. आपल्यापैकी कुणाच्या नाकाने, कानाने, बोटांनी असाच दगा दिला असेल, तर लाज बाळगू नका, शेजारच्याला विचारा. वाटीखालचे नाव झाकून परीक्षा करावी हे मला चहाने शिकविले. स्वतःचे इंद्रियही त्या परीक्षेतून सुटू नये, हेही त्यानेच शिकविले.

घरी करून पाहण्यासाठी

दोन बहारांचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे पुडे आणा. पुड्यावर टी बोर्डाचे दार्जिलिंगचे चिन्ह आणि खुडणीचे वर्ष पाहा. बोअरवेलच्या जड पाण्याने अर्कावर साय धरते, तेव्हा गोडे पाणी वापरा. उकळी फुटल्यावर मिनिटभर थांबून, कपाला अडीच ग्रॅम पानावर ओता. पहिल्या बहाराला तीन मिनिटे, इतरांना चार. मग पूर्ण गाळून घ्या. दूध-साखर पहिल्या घोटात नको. नावाच्या चिठ्ठ्या कपाखाली ठेवा. डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नका, आणि पहिला बहार वर्षाच्या आत संपवा. पंडुरोगाच्या रुग्णांना मात्र चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावयास सांगा. चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते.

आमच्या घरी आता कामाची वाटणी झाली आहे. शरदाचा चहा मी निवडतो. पहिल्या बहाराचा सौ. निवडतात, आणि प्रत्येक घोटाला तो कसा आहे ते मला सांगतात. मी ऐकतो, आणि पितो.