कानातले यंत्र मुके होते तेव्हा

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर. यंत्र म्हटले की ते केव्हातरी बिघडायचेच, ही गोष्ट तेथल्या कामगाराला शिकवावी लागत नाही. परंतु त्याच कामगाराच्या बहिऱ्या मुलाला ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ बसवले की आता हा प्रश्न जन्माचा सुटला, असे घरच्या मंडळींना वाटू लागते. हे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते पुरते खरे नाही.

या यंत्राचे दोन भाग असतात. कानामागे अडकवायचा बाहेरचा भाग ध्वनी टिपतो, त्याचे संकेत बनवतो आणि ते कातडीपलीकडे धाडतो. आतला भाग कातडीखाली हाडावर बसवलेला असतो. त्यातून निघालेली नाजूक तार गोगलगाईच्या शंखासारख्या अंतःकर्णात शिरते आणि श्रवणतंतूंना विजेने चेतवते. शरीरातला खारट ओलावा या आतल्या भागाचा मोठा वैरी. ‘कॉक्लिअर’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११ साली आपला एक प्रकार याच कारणाने माघारी घेतला. २०२० साली ‘अॅडव्हान्स्ड बायॉनिक्स’वरही तशीच पाळी आली. मुलांच्या बाबतीत पडणे-झडणे, डोक्याला मार लागणे याची भर पडते.

खरे पाहता हा बिघाड या विद्येइतकाच जुना आहे. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या गृहस्थाच्या श्रवणतंतूला चेतवणारे यंत्र प्रथम बसवले. ते थोड्याच काळात बंद पडले. दुसरे बसवले, तेही बंद पडले. म्हणजे पहिल्याच रोग्यावर फेरशस्त्रक्रियेचा प्रसंग आला होता!

यंत्र एकदम बंद पडले तर निदान सोपे असते. अवघड असतो तो चोरपावलांनी येणारा बिघाड. तपासणीत सारे ठीक दिसते, पण ऐकणे मात्र दिवसेंदिवस ढासळत जाते. प्रौढ माणूस निदान तक्रार करतो : आवाज तुटतो, मध्येच खरखर होते, चेहऱ्याचा स्नायू फडफडतो. तीन वर्षांचे मूल काय सांगणार? ते यंत्र उपटून फेकते, हाकेला ओ देईनासे होते, आलेले शब्द हरवू लागते. आणि आपण म्हणतो, मूल हट्टी झाले! भाषा रुजण्याची ती मोलाची वर्षे अशा गैरसमजात वाया जावीत, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून आधी बॅटरी, तार आणि बाहेरचा भाग बदलून पाहावा. तरीही फरक न पडल्यास श्रवणतज्ज्ञाकडून आतल्या भागाची चाचणी विनाविलंब करून घ्यावी.

फेरशस्त्रक्रियेची धास्ती मात्र अनाठायी आहे. पहिल्या तारेभोवती शरीराने तंतुमय आवरण विणलेले असते. शल्यविशारद जुनी तार शेवटच्या क्षणापर्यंत जागीच ठेवतो आणि ती काढताच त्याच वाटेने नवी सारतो. जंतुसंसर्ग असेल तर काम लांबते; कित्येकदा यंत्र काढून तार तेवढी आत ठेवतात, म्हणजे वाट बुजत नाही. पुढे यंत्राची जुळवणी नव्याने करावी लागते. पूर्वी जेवढे ऐकू येत होते तेवढे, क्वचित त्याहून बरे, बहुतेकांना पुन्हा येऊ लागते.

खर्चाची गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘अॅडिप’ योजनेतून लहान मुलांना हे यंत्र मिळते, आणि त्या कामाचे सूत्र मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. फरीदाबादच्या मुलाचा अर्जही तिच्याच वाटेने जातो. पुढच्या देखभालीचा भार मात्र बव्हंशी कुटुंबावर पडतो. आतल्या भागाची हमी कंपनी काही वर्षांची देते. पण नवे यंत्र हमीत मिळाले, तरी शस्त्रक्रियेचा, भुलीचा आणि रुग्णालयातील खाटेचा खर्च कोण सोसणार, हे त्या कागदावर पाहून घ्यावे, आणि तेही पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी.