टिचबटणाची कवळी

आत्याच्या जेवणाच्या टेबलावर तीन कागद पडले होते. तीन दवाखान्यांनी दिलेले खर्चाचे अंदाज, तोंड मात्र एकच. पहिल्या कागदावर वर आठ आणि खाली आठ स्क्रू, तिसऱ्या दिवशी फिक्स दात. दुसऱ्यावर वर चार, खाली चार, दात त्याच संध्याकाळी. तिसरा एका वयस्कर डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर खरडलेला: वरची कवळी नवी करू, खाली दोन इम्प्लांट घालू, त्यांवर खालची कवळी अडकवू. पहिल्या दोन कागदांवरच्या रकमा लाखांत होत्या. पहिल्यावर तर 'आज ॲडव्हान्स भरल्यास सूट' असेही पेनाने लिहिलेले. आत्या म्हणाली, "तूच बघ बाबा काय ते. मला शेंगदाणे खायचेत, एवढंच."

आत्या बहात्तर वर्षांची. कराडला प्राथमिक शाळेत शिकवत होती. साखर आहे, पण आटोक्यात. सहा वर्षांपूर्वी उरलेसुरले दात काढले, तेव्हापासून कवळी. वरची ठीक बसते. खालची बोलताना उचलली जाते, म्हणून लग्नाकार्यात ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवते आणि फक्त मठ्ठा पिते. दातांचे मला काही कळत नव्हते, पण तीन कागदांमधली तफावत डोक्यातून जाईना. पुढचे चार महिने मी जमेल ते वाचले आणि भेटेल त्या दंतवैद्याला गाठले.

पहिली गोष्ट कळली ती ही की वरचा आणि खालचा जबडा यांची दुखणी एकसारखी नसतात. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो. लाळेचा पातळ थर आणि हवेचा दाब मिळून ती चिकटून राहते. खालची नुसती घोड्याच्या नालेसारखी. तिच्या मधोमध जीभ वळवळते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलतात. त्यात बसायची जागा दरवर्षी कमी होते. दात गेले की जबड्याच्या कडेला काम उरत नाही आणि हाड विरघळू लागते. अँट्जे टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचे एक्स-रे २५ वर्षे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष मांडला: खालच्या जबड्याचे हाड वरच्याच्या जवळजवळ चौपट झिजते. आत्याच्या ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, ते मला दिसलेही. वरचा जबडा बऱ्यापैकी जाड होता, खालचा पेन्सिलीसारखा.

यावरचा उपाय सापडला तो स्वीडनमध्ये, आणि दातांसाठी नव्हेच. १९५२ च्या सुमारास लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक डॉक्टर सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण कसे चालते ते पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची छोटी नळी हाडात बसवून तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहायचे. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. त्यांनी या घटनेला नाव दिले ऑसिओइंटिग्रेशन. १९६५ मध्ये गॉथेनबर्गला गोस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार इम्प्लांट घातले. लार्सन २००६ मध्ये वारले, तेव्हाही दात जागेवर होते. ब्रोनेमार्क यांची मूळ पद्धत सबुरीची होती: इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवायचे, खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्यात सहा महिने, आणि मगच दात लावायचे. दंतवैद्यकाच्या जगाने हे सगळे मनावर घेतले ते १९८२ च्या टोरँटो परिषदेनंतर.

मग 'त्याच संध्याकाळी दात' कुठून आले? लिस्बनहून. पाउलो मालो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक भूमितीचा प्रश्न सोडवला. वरच्या जबड्यात दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. खाली दाढांच्या मुळाशी ओठाला संवेदना देणारी नस धावते आणि उपदाढांपाशी बाहेर पडते. म्हणजे मागे स्क्रू घालायला जागाच नसते. मालो यांनी पुढचे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन पंचेचाळीस अंशांपर्यंत तिरके घातले. टोक पुढे राहते, नस आणि सायनस चुकतात, आणि डोके मागच्या बाजूला निघते. मांडवाचा कडेचा बांबू तिरका रोवतात तसे. त्यामुळे मागे हवेत लोंबणारा दातांचा सज्जा आखूड होतो. खालच्या जबड्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आणि वरच्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच गटाच्या दहा वर्षांपुढच्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून अधिक इम्प्लांट टिकलेले आढळले. पाहणी करणारे स्वतः पद्धतीचे जनक आहेत, हे ध्यानात ठेवून वाचायचे. तरीही पद्धत दमदार आहे, यात मला शंका नाही.

मात्र त्या संध्याकाळी मिळणारे दात कायमचे नसतात. ते ॲक्रिलिकचे, तात्पुरते. इम्प्लांट हाडात पुरेसा घट्ट बसला तरच लावतात. त्याची पकड मोजायला पान्यावर आकडा असतो, साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर धरतात. इम्प्लांट हाडात दीडशे मायक्रॉनच्या पलीकडे हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी नुसते तंतू तयार होतात आणि तो कायमचा सैल राहतो. गंमत अशी की सुरुवातीची पकड ही लाकडात खिळ्याची असते तशी निव्वळ यांत्रिक. ती हळूहळू उतरते आणि नव्या हाडाची पकड नंतर चढते. या दोहोंच्या मधला खड्डा साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, माणसाला बरे वाटत असते आणि घरात कोणीतरी चकलीची ताटली पुढे करते. दोन-तीन महिने मऊ भात, खिचडी, कुस्करलेली भाकरी. पक्के दात त्यानंतर.

चार की सहा, हा प्रश्न पेशंट सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्या मते तो दुय्यम आहे. सहा घातले आणि एक गेला तरी डोलारा उभा राहू शकतो. चारांतला एक गेला की बहुधा नव्याने मांडणी करावी लागते. वरच्या जबड्याचे हाड भुसभुशीत, म्हणून तिथे बरेच डॉक्टर सहाकडे झुकतात. खालचे हाड टणक, तिथे चार पुरतात. संपला विषय. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अंदाजपत्रकावर लिहिलेली नसते. हिरडीसकट दातांची अखंड माळ बसवायला बारा ते पंधरा मिलिमीटर उंची लागते. ती नसेल तर जबड्याची वरची कड तासून जागा करतात. म्हणजे चांगले हाडही जाते. हलणारे चार दात आणि धडधाकट आठ दात असलेल्या माणसाला 'सगळे काढून टाकू, एकदाच होऊन जाईल' असे सुचवले जाते, तेव्हा हे दोन्ही हिशेब तो करत नसतो. तासलेले हाड आणि काढलेला चांगला दात परत येत नाही.

साहित्याबद्दल थोडक्यात. टायटॅनियमच्या पट्टीवर ॲक्रिलिकचे दात स्वस्त पडतात, झिजतात, टवका उडतो, पण दुरुस्तीही तितकीच सोपी. झिरकोनिया चकचकीत, त्यावर कीट कमी धरते. मात्र तडा गेला तर अख्खी माळ नव्याने करावी लागते. वरखाली दोन्हीकडे झिरकोनिया असेल तर चावताना कपबशीसारखा आवाज येतो, हेही काही जण सांगतात.

पहिल्या कागदावरचे आठ-आठ स्क्रू ज्या प्रकारचे होते त्यांना बेसल इम्प्लांट म्हणतात. भारतात त्यांची जाहिरात जोरात आहे. हे एकसंध असतात, बारीक, गुळगुळीत. जबड्याच्या खोल, दाट थरात टोक रुतवतात, म्हणून दोन-तीन दिवसांत दात लावता येतात. हाड फार कमी असेल तेव्हा काहींना त्यांचा उपयोग होतो. पण 'मधुमेह चालेल, तंबाखू चालेल, जंतुसंसर्ग होतच नाही' ही भाषा ऐकली की मी तरी सावध होईन. त्यांच्या बाजूचा बहुतेक पुरावा ती पद्धत वापरणाऱ्यांचाच आहे, इतर पद्धतींशी दीर्घकाळ तुलना करणारे अभ्यास फार थोडे.

गालाच्या हाडात घालायचे झायगोमॅटिक इम्प्लांट मात्र वेगळ्या तोलाचे. साध्या इम्प्लांटची लांबी एक सेंटिमीटरच्या आसपास, यांची तीन ते पाच सेंटिमीटर. कर्करोगाने किंवा झिजेने ज्यांचा वरचा जबडा उरलाच नाही त्यांच्यासाठी ब्रोनेमार्क यांनी ते पुढे आणले. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनामागून म्युकरमायकोसिस आला आणि महाराष्ट्रात कित्येकांचे वरचे जबडे काढावे लागले. अशा माणसांना पुन्हा चावता-बोलता यावे म्हणून हे लांब स्क्रू वापरले गेले. तिथे त्यांना पर्याय थोडेच. ज्याच्या जबड्यात पुरेसे हाड आहे, त्याला ते कोणी सुचवले तर दुसरे मत घ्यावे.

आता आत्याकडे येतो. दुसऱ्या दवाखान्यात तिला विचारले होते, "काकू, तुम्ही सिगरेट, तंबाखू?" ती हसून नाही म्हणाली. खरेच खात नाही. पण रोज सकाळी मिश्री लावते, चाळीस वर्षे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि आमच्याकडच्या बायका तिला व्यसन मानतच नाहीत. तिसऱ्या डॉक्टरांनी 'मिश्री लावता का' असे नाव घेऊन विचारले, म्हणून ते निघाले. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला घ्यायची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू आहे का तेही विचारले, कारण त्या औषधांवर जबड्याची जखम कधी कधी भरतच नाही आणि हाड सडते. मग तोंड उघडायला सांगून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का ते पाहिले. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाच्या मागच्या भागात ड्रिल शिरतच नाही. या सगळ्याला दहा मिनिटे लागली. पहिल्या दवाखान्यात तेवढ्या वेळात हप्त्यांचे गणित समजावून झाले होते.

सर्वांत जास्त उलगडा झाला तो कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या एका जुन्या प्रयोगामुळे. १९९० च्या दशकात तिथे काही रुग्णांच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट घालून त्यांना दोन्ही प्रकारचे दात आळीपाळीने वापरायला दिले, आधी फिक्स मग काढता येणारे, किंवा उलट. शेवटी विचारले, यातले कोणते ठेवता? सगळे फिक्सच मागतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कौल जवळपास निम्मा-निम्मा पडला. फिक्स निवडणाऱ्यांना चावण्याचा भरवसा हवा होता. काढता येणारे निवडणाऱ्यांचे म्हणणे एकच, हे धुता येतात. त्याच शहरातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने सांगितले की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय असावा. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क येथे त्याला दुजोरा मिळाला. चिठ्ठीच्या पाठीवर खरडलेला सल्ला हाच होता.

धुणे ही क्षुल्लक बाब नाही. स्वीडनमध्ये सुमारे सहाशे इम्प्लांटधारकांची नऊ वर्षांनंतर तपासणी झाली (२०१६ मध्ये प्रसिद्ध), तेव्हा ४५ टक्क्यांच्या तोंडात इम्प्लांटभोवती सूज आणि हाडाची झीज आढळली, १४.५ टक्क्यांच्या तोंडात ती मध्यम किंवा गंभीर होती. टायटॅनियम किडत नाही, पण भोवतीचे हाड खचते, आणि दुखत नसल्याने उशिरा कळते. फिक्स दातांच्या माळेखालून रोज जाड फ्लॉस ओढावा लागतो किंवा पाण्याचा फवारा मारावा लागतो. आज आत्याचे हात चालतात. ऐंशीव्या वर्षी बोटे वाकली, किंवा ती अंथरुणाला खिळली, तर ते कोण करणार? सूनबाई कवळी नळाखाली धरेल. रात्री टॉर्च घेऊन सासूच्या तोंडात फ्लॉस ओढणे वेगळे.

साठीच्या आतल्या, हात चालणाऱ्या, वर्षातून दोनदा तपासणीला जाणाऱ्या आणि पैसे बाजूला असलेल्या माणसाने फिक्स दात जरूर करावेत. चावण्यात त्यांची सर कशालाच नाही. इतरांनी खालच्या जबड्यापुरता तरी आधी दोनाचा विचार करावा. पुढे हवे झाले तर आणखी दोन घालता येतात. नेहमीच्या आरोग्य विम्यात अपघात सोडल्यास दातांचा खर्च बहुधा बसत नाही, तेव्हा दुसऱ्या मताची फी स्वस्तच पडते असे समजून ते घ्यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, इथे कवळी-इम्प्लांटचे विभाग आहेत; दुसरे मत तिथेही घेता येते.

आत्याने मिश्री सोडली. त्याला तीन महिने लागले आणि घरात बरीच आदळआपट झाली. मग दोन इम्प्लांट. साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांवर ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या पिवळसर गुंड्या बसवल्या आणि कवळीच्या आत नायलॉनच्या चकत्या. आत्याने ती तोंडात ठेवून अंगठ्याने दाबली, 'टक' असा आवाज आला आणि ती म्हणाली, "अगं बाई, हे तर टिचबटण!" नेहमीच्या चकत्या तीन रंगांत मिळतात: निळी हलकी, गुलाबी मधली, पारदर्शक सगळ्यांत घट्ट. तिला गुलाबी बसवली आहे. वर्षभरात ती सैल पडते आणि बदलावी लागते, काम पाच मिनिटांचे. रात्री कवळी वाटीत पाण्यात. शेंगदाणे भाजके, साल काढून. कच्चे अजून नाहीत.

एक विनंती. कोणतेही इम्प्लांट घातले तरी डॉक्टरांकडून त्याचे कार्ड मागून घ्या: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, बॅच नंबर. प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा असतो, आणि दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तेव्हा मूळ डॉक्टर निवृत्त झालेले असले तर त्या कार्डावाचून नवा डॉक्टर हतबल असतो. आत्याचे कार्ड तिच्या पेन्शनच्या फायलीत, आधार कार्डाच्या मागे आहे.