नळीत अडकलेला डोस

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार होत असे. पातळ लस उन्हाळ्यात निकामी व्हायची. म्हणून १९६०च्या दशकात देश गोठवून वाळवलेल्या लसीकडे वळला आणि ती बनवणाऱ्या चार संस्थांत ही संस्था होती. औषध चांगलं बनवून भागत नाही, ते शाबूत पोहोचावं लागतं, हे या गावाला तेव्हाच ठाऊक होतं. सलाईनच्या बाबतीत हेच उमगायला जगाला बराच वेळ लागला.

तेव्हा सलाईन काचेच्या बाटलीतून, रबरी नळीतून आणि उकळून पुन्हा वापरलेल्या सुईतून चढायचं. १९५०च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी रक्तासाठी प्लास्टिकची पिशवी घडवली. पुढे सलाईनही प्लास्टिकमध्ये आलं. फुटायची भीती गेली, एकदा वापरून फेकायचे नळ्यांचे सेट आले, जंतुसंसर्गाला आळा बसला. हा फायदा मोठाच होता.

मात्र नळ्यांचं पीव्हीसी प्लास्टिक मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात डीईएचपी हे रसायन घालतात, तेही बरेचदा वजनाच्या ३० ते ४० टक्के. तेलकट स्वभावाची औषधं या मऊ प्लास्टिकमध्ये मुरतात. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला देतात ते नायट्रोग्लिसरीन पीव्हीसीच्या नळीत ४० ते ८० टक्के शोषलं जाऊ शकतं. सुरुवातीचे अभ्यास अशाच नळ्यांवर झाले, त्यामुळे सुरुवातीचे डोसही वाढीव ठरले: मिनिटाला २५ मायक्रोग्रॅम. न शोषणारी नळी लावली, तर सुरुवात ५ मायक्रोग्रॅमनेच करावी लागते. नळी बदलली आणि डोस तोच ठेवला, तर रुग्णाचं बीपी एकदम उतरू शकतं. इन्सुलिनची तऱ्हा वेगळी. ते आत मुरत नाही, नळीच्या भिंतीला चिकटतं. म्हणून ड्रिप लावण्याआधी तेच द्रावण थोडं नळीतून वाहू देतात.

उलटही घडतं. कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेलमधलं विद्रावक नळीतलं डीईएचपीच बाहेर ओढतं. म्हणून त्याला पीव्हीसी नसलेला, बारीक फिल्टरचा सेट लागतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नवजात मुलगे आणि मुलगा पोटात असलेल्या गर्भवतींसाठी डीईएचपीबाबत इशारा दिला. भारतात २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करण्याची मुदत घातली. सलाईनच्या नळ्या त्या यादीत नव्हत्या.

आज बहुतेक बाटल्या पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, नळ्या मात्र अजून बऱ्याचदा पीव्हीसीच्याच. केमोच्या चिठ्ठीवर औषधाखाली सेटचा प्रकारही लिहिलेला असू शकतो. मेडिकलवाला ‘दुसरा स्वस्त आहे, चालेल’ म्हणाला, तरी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारल्याशिवाय सेट बदलू नये. तो सेट औषधाचाच भाग आहे.