कुत्र्यामांजरांची शस्त्रक्रिया आणि बधिरतेची सुई

गाय अडली आणि वासरू वाटेने येईना, म्हणजे गुरांचे डॉक्टर कधी कधी तिची कूस उघडून वासरू बाहेर काढतात. आपल्यापैकी काहींनी हे गोठ्यात उभे राहून पाहिलेही असेल. गाय त्या वेळी जागी असते, बहुधा चार पायांवर उभी असते. डॉक्टरांनी आधी तिच्या कुशीत किंवा पाठीच्या कण्याशेजारी सुया टोचून तेवढा भाग बधिर केलेला असतो. सुरी चालते आहे हे तिला कळत नाही. एखादी तर पुढ्यातली वैरणही ओढते.

आता हीच गोष्ट कुत्र्याच्या बाबतीत करून पाहा म्हटले, तर जमायची नाही. बधिर केले तरी तो उताणा, पाय बांधून, अर्धा तास स्वस्थ पडून राहणार नाही. मांजराचे तर बोलायलाच नको. म्हणून त्यांना गुंगीचे औषध देऊन झोपवावे लागते. आणि झोपवले की आपल्याला वाटते, झाले, आता दुखण्याचा प्रश्न मिटला.

मलाही असेच वाटत होते. आमच्या मोत्याच्या मागच्या पायाला मोटारसायकलचा धक्का बसून हाड मोडले. जनावरांच्या दवाखान्यात त्याला भूल दिली. तो निपचित पडला. तरी डॉक्टरांनी त्याच्या कमरेवरचे केस भादरले, जागा पुसली आणि आणखी एक लांब सुई हातात घेतली. मी म्हणालो, "डॉक्टर, तो झोपलाय ना? मग ही कशाला?" ते म्हणाले, "सर, मोत्या झोपलाय. त्याचा पाय नाही झोपला." तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य प्रथम विसंगत वाटले. मागून त्यांनी समजावून सांगितले, तेव्हा चूक माझीच होती असे दिसले.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. विहिरीचे पाणी पाटाने येते, दाऱ्यांतून वाफ्यावाफ्यांत जाते. वेदनेचा प्रवास याच्या उलटा, वाफ्याकडून विहिरीकडे. पायाला जखम झाली की तिथली खबर बारीक मज्जातंतूंतून मोठ्या मज्जातंतूत येते, तेथून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि शेवटी मेंदूत. भुलेने झोपतो तो मेंदू. खालचे पाट तसेच वाहत असतात. म्हणूनच झोपलेल्या कुत्र्याच्या कातडीला सुरी लागली की पुष्कळदा त्याची छाती जोराने धडधडू लागते, श्वास वाढतो. शिवाय एकसारख्या खबरा येऊन आदळल्यामुळे मज्जारज्जू हुळहुळा होऊन बसतो. मग जाग आल्यावर साधा हात लागला तरी जनावर कळवळते.

बधिर करणारे औषध पाट मध्येच अडवते. मज्जातंतूतून खबर पुढे जाते ती सोडियमचे कण त्याच्या आवरणातल्या बारीक दारांतून आत शिरल्यामुळे. लिग्नोकेनसारखे औषध ही दारे लावून टाकते. औषध रक्तात वाहून गेले की दारे आपोआप उघडतात. कायमचे काही बिघडत नाही. मात्र जागा पिकलेली, पुवाने भरलेली असेल तर तिथे हे औषध नीट लागू पडत नाही, कारण पिकलेला भाग आंबट झालेला असतो. अशा वेळी शहाणा डॉक्टर वाफ्यात बांध घालीत बसत नाही, वर जाऊन पाटच बंद करतो.

कुठे बंद करायचा, हे काम पाहून ठरते. दात उपटायचा तर जबड्याच्या हाडातल्या ज्या छिद्रातून मज्जातंतू जातो तिथे. पुढच्या पायाचे काम असेल तर काखेतल्या मज्जातंतूंच्या जुडग्याशी. नराचे खच्चीकरण असेल तर थेट वृषणात. आणि कमरेखालचा सगळा भाग हवा असेल, तर कणा जिथे माकडहाडाकडे वळतो तिथल्या फटीतून, मज्जारज्जूच्या वेष्टणाबाहेर. मोत्याला दिली ती ही सुई. मांजराचा मज्जारज्जू कुत्र्यापेक्षा थोडा अधिक मागेपर्यंत गेलेला असतो, म्हणून मांजराला ही सुई देताना हात फार जपून चालवावा लागतो. हल्ली मोठ्या दवाखान्यांत ध्वनिलहरींच्या यंत्रावर मज्जातंतू पडद्यावर पाहून सुई नेतात. पण बोटाने हाडाची खूण शोधून सुई देणारे हातही काही कमी नाहीत.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिओनार्ड कॉर्निंग यांनी पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेन टोचून पाहिले, तेव्हा काही मिनिटांत मागचे पाय लुळे पडले आणि काही तासांनी पुन्हा ठीक झाले. हा पहिला प्रयोग कोणावर? एका कुत्र्यावर. त्यानंतर त्यांनी तो माणसावर केला. म्हणजे माणसाने हे ज्याच्यावर पडताळून घेतले, त्यालाच ते देताना "कुत्र्याला कशाला?" असे आपण विचारतो! असो. कोकेन पुढे मागे पडले. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले, १९५७ साली बुपिव्हाकेन. पहिल्याचा अंमल तास-दोन तास टिकतो, दुसऱ्याचा त्याहून बराच जास्त.

हे सारे ऐकून कोणी घरी सुई टोचायला जाऊ नये. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. मांजराला वजनाच्या किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या आसपास बरेच डॉक्टर थांबतात. तीन किलोच्या मांजरीला हे किती झाले? १२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिलिटर, मिलिलिटरभरही नाही. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. माणसाच्या दाताला जेवढे सहज टोचतात, तेवढ्याने मांजरीला झटके येऊन हृदय बंद पडू शकते. बुपिव्हाकेन चुकून शिरेत गेले तर त्याहून वाईट. म्हणून डॉक्टर औषध ढकलण्याआधी दट्ट्या थोडा मागे ओढतात, रक्त येते का पाहतात, आणि सुईच्या आधी जनावर तराजूवर चढवतात. अंदाजाने वजन धरणाऱ्या ठिकाणी आपणच "वजन करून घ्या" म्हणायला हरकत नाही.

गावागावांतून भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे काम चालते. त्यासाठी केंद्र सरकारने २००१ साली नियम केले, २०२३ साली ते नव्याने आले. एका दिवसात पुष्कळ कुत्री हाताखालून काढायची म्हटल्यावर घाई होणारच. तरी मादीच्या बीजकोशाच्या देठाशी किंवा कापायच्या रेषेवर थोडे लिग्नोकेन टोचायला फारसा वेळ जात नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. त्यामुळे भूलही कमी पुरते. भूल कमी म्हणजे श्वास आणि रक्तदाब यांना धोका कमी. हे टाळण्याचे सबळ कारण मला तरी सापडलेले नाही.

मोत्या शुद्धीवर आला तो ओरडला नाही. उठू पाहिला आणि मागून कोसळला. पाय त्याला आपला वाटतच नव्हता. अशा वेळी जनावर मऊ जागी ठेवावे, ओट्यावर, पायरीवर नाही. बधिर पाय किंवा ओठ ते चावून काढते, तिकडे लक्ष ठेवावे. लघवी झाली की नाही पाहावे. कमरेच्या सुईनंतर ती कधी तुंबते. अंमल उतरला की दुखणे सुरू होणार, तेव्हा पुढची औषधे डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्यावीत. कुत्रा कण्हला नाही म्हणजे त्याला दुखत नाही असे नव्हे. तो कोपऱ्यात बसून राहतो, भाकरी हुंगून सोडतो. मांजर अंग आखडून, डोळे अर्धे मिटून कुठेतरी दडून बसते.

आणि दुखते आहे असे वाटून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कोणी मांजरीला देऊ नका. तिला ती पचवता येत नाही. एका गोळीनेही मांजरी दगावतात.