अंगणातील पाण्याचा ताळेबंद

सह्याद्रीच्या पूर्वेस, पुणे-साताऱ्यापासून नगर-सोलापूरपर्यंतच्या पठारावर, घरापुढे बाग करू इच्छिणाऱ्या गृहस्थाने रोपवाटिकेची वाट धरण्यापूर्वी एखाद्या पावसाळी दुपारी अंगणात उभे राहून पाणी कोठून येते, कोठे थबकते आणि कोणत्या कोपऱ्यातून रस्त्यावर निघून जाते, हे नीट पाहून घ्यावे; कारण जेथे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच पडून जातो, तेथे आराखडा आधी पाण्याचा आखावा लागतो, झाडांचा नंतर.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात हिरवळीवरून दररोज ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी १०० चौरस मीटर हिरवळीस रोज ५०० लिटर पाणी घालावे लागेल. आणि तेवढ्याच छपरावर ६०० मिलिमीटरच्या पावसाळ्यात पडणारे ६०,००० लिटर पाणी, टाकीचा वा शोषखड्ड्याचा बंदोबस्त नसल्यामुळे, पन्हळीतून सरळ गटारात जाते. मुलांच्या खेळापुरता तुकडा सोडला, तर हिरवळीचा हव्यास या प्रदेशास परवडणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अडुळसा, कोरांटी, निर्गुडी, पारिजातक, बहावा ही एकदा मूळ धरल्यावर अल्पसंतुष्ट असणारी झाडे तेथे शोभतील; केळ, कर्दळ आणि अळू यांची तजवीज जुन्या गृहिणींनी मोरीच्या सांडपाण्यावर केली होती, ती आजही मोडण्याचे कारण नाही.

आळ्याविषयी मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. बुंध्याला लागून वीतभर आळे करून त्यात घागर रिती करण्याची रीत सर्वत्र दिसते. परंतु पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी पर्णसंभाराच्या कडेखाली व तिच्याही पलीकडे पसरलेली असल्याने, झाड वाढेल तसे आळे बाहेर सरकवीत न्यावे, खोड कुजू नये म्हणून बुंध्याशी मातीचा उंचवटा राखावा आणि वर चार बोटे पालापाचोळा अंथरावा. हाच पालापाचोळा झाडून पेटवून देण्याची चाल शहरांतून बोकाळलेली पाहून मनास क्लेश होतात, कारण जमिनीचा ओलावा राखणारे आणि पुढे तिचेच खत होणारे आच्छादन आपण आपल्या हाताने भस्मसात करीत असतो.

कोवळ्या रोपांशेजारी बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकणी ठेवली, की त्याच्या सच्छिद्र अंगातून पाणी मुळांशी झिरपत राहते. माती कोरडी असेल तर अधिक, ओली असेल तर कमी. विंधणविहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने ही छिद्रे हळूहळू बुजतात, तेव्हा पाणी उतरण्यास पूर्वीपेक्षा फार वेळ लागू लागला, की मडके बदलावे.